मदत हवी आहे: फोनवर नेट चालतं, पण त्याच राऊटरला केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर चालत नाही

मंडळी, चार दिवस झटतेय, आता काही सुचेनासं झालंय. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवा.

घरी एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० वर चालणारा. त्यात वायफाय नाही, त्यामुळे नेट फक्त केबलनेच. गेल्या आठवड्यात आधीचा राऊटर बंद पडला, त्याच्या जागी नवीन बसवला. त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर एकही साइट उघडलेली नाही. फोन आणि टॅब त्याच राऊटरच्या वायफायवर झकास चालतात.

हे लवकर सुटायला हवं, कारण हा कॉम्प्युटर बाबांचा आहे. त्यांची नजर खूप अधू झालीय, फोनच्या स्क्रीनवर त्यांना नातीचा चेहरा नीट दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ कॉल असतो. गेले चार दिवस ते सातच्या आधीच खुर्चीत येऊन बसतात आणि विचारतात, "लागलं का गं?" मला फार वाईट वाटतं.

केलेले उपाय: कॉम्प्युटर आणि राऊटर दोन्ही बंद-चालू केले. विंडोजचा ट्रबलशूटर चालवला, तो म्हणतो ‘इथरनेट डझन्ट हॅव अ व्हॅलिड आयपी कॉन्फिगरेशन’ आणि तिथेच थांबतो. नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर फोनवर चालतंय म्हणजे लाइन ठीक आहे, एवढंच उत्तर मिळालं. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) आयपीकॉन्फिग टाकल्यावर हे दिसतं:

ऑटोकॉन्फिगरेशन आयपीव्ही४ ॲड्रेस: १६९.२५४.८३.१२
सबनेट मास्क: २५५.२५५.०.०
डिफॉल्ट गेटवे: (रिकामं)

एका ओळखीच्याने विंडोज नव्याने टाकायला सांगितलं आहे. त्यात बाबांचे वीस वर्षांचे फोटो आहेत, त्यामुळे तो अगदी शेवटचा उपाय.

प्रतिसाद १

राऊटर फॅक्टरी रीसेट करून बघा. मागे छोटं भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा.

प्रतिसाद २

कृपया रीसेट करू नका! कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड राऊटरमध्ये भरलेलं असेल तर ते पुसलं जाईल आणि आत्ता चालणारे फोनही बंद पडतील. फोन चालताहेत म्हणजे राऊटर आणि बाहेरची लाइन दोन्ही ठीक आहेत. दोष राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या तुकड्यात किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. विंडोज नव्याने टाकायची तर अजिबातच गरज नाही.

तुम्ही आकडे जसेच्या तसे दिलेत हे फार बरं झालं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता राऊटरने दिलेला नसतो. कॉम्प्युटर राऊटरकडे पत्ता मागतो, याला डीएचसीपी म्हणतात. बराच वेळ कोणी उत्तर दिलं नाही की तो या राखीव पट्ट्यातला एक पत्ता आपला आपणच घेतो. थोडक्यात, तुमच्या कॉम्प्युटरची हाक राऊटरपर्यंत पोचत नाहीये किंवा उत्तर परत येत नाहीये.

तेव्हा आधी केबल. राऊटरच्या मागे एक पोर्ट वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. ते बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी. कॉम्प्युटरची केबल लॅन लिहिलेल्या पोर्टमध्ये आहे ना? दोन्ही टोकं काढून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत परत बसवा. मग कॉम्प्युटरच्या मागे, केबल जाते तिथला छोटा दिवा बघा. तो सतत सुरू राहतो का, की मधेच विझतो?

धागाकर्ती

केबल लॅनमध्येच आहे. पण तुम्ही ‘टक्’ म्हणालात म्हणून टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. कॉम्प्युटरकडच्या पिनची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली आहे! राऊटर बदलताना केबल ओढली गेली, तेव्हाच तुटली असणार. बोटाने आत दाबून धरलं की हिरवा दिवा लागतो, सोडलं की जातो.

सध्या घडी घातलेला पुठ्ठा खोचून ती घट्ट बसवलीय. दिवा आता स्थिर आहे आणि पत्ताही बदलला, १९२.१६८.१.७ आलाय! पण साइट अजूनही उघडत नाहीत. आता ब्राउझर म्हणतो की सर्व्हरचा पत्ता सापडला नाही.

प्रतिसाद २

छान, अर्धं काम झालं. हा पत्ता राऊटरने दिलेला आहे. आता एकेक टप्पा पुढे जाऊ. त्याच काळ्या खिडकीत

पिंग १९२.१६८.१.१
पिंग ८.८.८.८

या दोन ओळी एकामागून एक टाका. पहिली राऊटरपर्यंत जाते. दुसरी गूगलच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत, म्हणजे घराबाहेर. नंतर आयपीकॉन्फिग /ऑल टाका आणि इथरनेटखालचा सगळा मजकूर इथे द्या, एकही ओळ गाळू नका.

धागाकर्ती

दोन्ही पिंगला चारही उत्तरं आली, एकही हरवलं नाही. बाकीचं असं:

डीएचसीपी एनेबल्ड: येस
आयपीव्ही४ ॲड्रेस: १९२.१६८.१.७
डिफॉल्ट गेटवे: १९२.१६८.१.१
डीएचसीपी सर्व्हर: १९२.१६८.१.१
डीएनएस सर्व्हर्स: १९२.१६८.०.१

प्रतिसाद ३

शेवटची ओळ बघा. बाकी सगळीकडे १९२.१६८.१ आहे, डीएनएससमोर मात्र १९२.१६८.०.१. तुमच्या जुन्या राऊटरचा पत्ता हाच होता का?

प्रतिसाद २

बरोबर पकडलंत. ताई, तुमचं नेट आता चालू आहे, ८.८.८.८ पर्यंत पिंग जातंय हाच पुरावा. अडतंय ते नावापाशी. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण कॉम्प्युटरला लागतो आकड्यांतला पत्ता, आणि तो शोधून देतं डीएनएस. तुमचा कॉम्प्युटर तो पत्ता विचारतोय घरात आता नसलेल्या राऊटरला. फोनना नव्या राऊटरने डीएनएससुद्धा नवीन दिलं, म्हणून त्यांना काही झालं नाही.

खात्री करायची तर एनएसलुकअप, पुढे कुठल्याही साइटचं नाव, असं टाका. ‘डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येईल. मग तीच ओळ शेवटी ८.८.८.८ जोडून टाका. लगेच उत्तर आलं की निदान पक्कं.

उपाय: विंडोज आणि आर एकत्र दाबून एनसीपीए.सीपीएल टाका. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ वर डबल क्लिक. वर ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडलेलं असेल, ते राहू द्या. खालच्या भागात डीएनएस हाताने भरलेलं दिसेल. तिथेही ‘ऑब्टेन डीएनएस सर्व्हर ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडा. ओके केल्यावर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवा.

धागाकर्ती

झालं!! एनएसलुकअपला तुम्ही सांगितलं तेच आलं. ‘टाइमआउट वॉज २ सेकंड्स’ असं पुन्हा पुन्हा, आणि ८.८.८.८ जोडल्याबरोबर उत्तर. खालच्या चौकटीत खरंच १९२.१६८.०.१ भरलेलं होतं. आता आठवतंय, काही वर्षांपूर्वी साइट अडखळत उघडायच्या तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने तिथे काहीतरी भरलं होतं. जुना राऊटर होता तोवर ते चालून गेलं.

मी एकच दोष शोधत होते, इथे दोन होते. केबल नीट बसल्यावरही नेट आलं नाही तेव्हा मी तो पुठ्ठा काढून टाकणार होते. केबलचा काही संबंध नाही असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती. पत्ता बदललाय हे तुमच्यामुळे बघितलं.

आज सातला कॉल लागला. नातीचा पुढचा दात पडलाय, तो तिने कॅमेऱ्याला अगदी चिकटवून दाखवला आणि बाबांना दिसला. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. ज्यांनी रीसेट सुचवलं त्यांचेही, मदत करायलाच आला होतात.

एक शेवटचं विचारते. पुठ्ठा किती दिवस टिकणार? नवी केबल घेताना काय बघू?

प्रतिसाद ३

पुठ्ठा आजच्यापुरता ठीक. कॅट ५ई लिहिलेली तयार केबल घ्या, घरातल्या अंतराला ती भरपूर होते. पिनवर रबरी टोपी असलेली मिळाली तर उत्तम, ओढताना जीभ अडकून तुटत नाही. लांबी मोजून हातभर जास्त घ्या, म्हणजे टेबल सरकवलं तरी ताण येणार नाही. लावल्यावर त्या पोर्टचा दिवा एकदा बघून घ्या.