मोटर सुरू झाली की रीसेट: कोड नव्हे, पॉवर बघा

तुमच्या छोट्या गाडीची मोटर फिरायला लागली की आर्डुइनो (गाडी चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो असं तुम्ही लिहिलंय, आणि वर उत्तरं देणारे सगळे कोड तपासायला सांगताहेत. मला संशय पॉवरचा आहे. थांबलेली मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या क्षणी व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर मान टाकतो. मोटरला वेगळी बॅटरी द्या, दोन्हींचे ग्राउंड (निगेटिव्ह टोकं) मात्र एकमेकांना जोडा (हे हमखास राहतं!). शिवाय तुमच्या एल२९८एन ड्रायव्हरमध्येच (मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटमध्येच) साधारण २ व्होल्ट खर्ची पडतात. छोट्या गाडीला मॉस्फेटवाला (कमी व्होल्टेज खाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) टीबी६६१२ ड्रायव्हर बरा. पीआयडीचं (मोटरचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या कोडचं) नंतर बघू. आधी मोटर सुरू होताना आर्डुइनोची ५ व्होल्टची लाइन किती खाली जाते ते मोजा. मल्टिमीटरला तो झटका दिसेलच असं नाही, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर उत्तम.