ओमानचे डोंगर, वाडी आणि गावं – डिसेंबरात ८ दिवस, सोबत वडील (वय ६४). मार्गदर्शन हवंय

रानवाट_धुळे
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओमानला जायचं ठरतंय, मोठी बहीण आणि दाजी मस्कतला असतात त्यामुळे तिथली राहायची सोय आहे. पण मला शहरात थांबायचं नाहीये, आतले डोंगर, दऱ्या आणि जुनी गावं बघायची आहेत. सह्याद्रीत १२-१३ वर्षं फिरतोय, साल्हेर, नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय, पण वाळवंटी देशात कधी चाललो नाही त्यामुळे तिथलं गणित काय असतं काहीच माहीत नाही.

यावेळी वडील पण येतायत. साक्री तालुक्यात आमची शेती आहे, अजून रोज शेतात चालतात, गुडघे ठणठणीत आहेत, पण पोहता येत नाही आणि कड्याच्या टोकाला उभं राहणं त्यांना आवडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारेत. त्यांना नुसतं गाडीत बसवून ठेवायचं नाहीये मला, त्यांनाही काहीतरी आपलं वाटेल असं दाखवायचंय. गाडी कुठली घेऊ, कुठले ट्रेक जमतील, गावात लोक बाहेरच्यांना येऊ देतात का, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

रुवीची_ताई
दादा, आधी एक सांगते, इथे वाडी म्हणजे आपली वाडीवस्ती नाही, वाडी म्हणजे नदीची दरी, बहुतेक वेळ कोरडी किंवा डोहाडोहात पाणी असलेली. मी ११ वर्षं मस्कतला आहे, सुरुवातीला मलाही गोंधळ व्हायचा.

गाडी फोर बाय फोरच घ्या, पैसे वाचवायला साधी घेऊ नका. जबल अखदरला (निझव्याजवळचा उंच डोंगराळ भाग) जाताना बिरकत अल मौझला पोलीस चौकी लागते आणि साध्या गाडीला वर सोडतच नाहीत. मस्कत ते निझवा रस्ता एकदम झकास आहे, पावणेदोन-दोन तासात पोचता. पण नकाशावर जवळ दिसणारं सगळं जवळ नसतं. अल हमराहून शरफ अल अलमैनच्या खिंडीतून खाली वाडी बनी औफमध्ये, बिलाद सैत गावाकडे उतरणारा रस्ता दिसेल, खूप सुंदर आहे पण कच्चा, तीव्र उताराचा, एका बाजूला सरळ दरी. तिथे आधी चालवलेलं नसेल तर दाजींनाही चालवायला देऊ नका, निझवा किंवा अल हमरामधून स्थानिक ड्रायव्हर गाडीसकट मिळतो तो घ्या. आणि भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स कच्च्या रस्त्यावर चालतो का हे कागदावर वाचून घ्या, आम्हाला एकदा नंतर कळलं आणि सगळा खर्च अंगावर आला.

गावांबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. येऊ देतात, प्रेमाने येऊ देतात, पण ती लोकांची घरं आहेत हे लक्षात ठेवून जायचं. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. बायकांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत, मुलांचेही विचारल्याशिवाय नाही. भेटलं की आधी सलाम करायचा. कोणी कहवा आणि खजूर पुढे केला तर उजव्या हाताने घ्या, आणि पुरे झाला की कप थोडा हलवून परत द्यायचा, नाहीतर ते ओततच राहतात. बऱ्याच जणांना हिंदी कळतं, बाबा अवघडणार नाहीत.

बाबांसाठी मिस्फत अल अब्रियीन. डोळे झाकून. अल हमराच्या वर डोंगराच्या कुशीत दगडमातीच्या घरांचं गाव आहे, गावच्याच लोकांनी जुन्या घरांत राहायची सोय केलीय, एक रात्र तिथेच काढा. दुपारी बस भरून लोक येतात आणि तासाभरात निघून जातात. संध्याकाळी आणि पहाटे गाव गावासारखं असतं.

कातळमित्र
रानवाट, तुमचा अनुभव बघता जबल शम्सचा (ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर) बाल्कनी ट्रेक नक्की करा. अल खितैम गावापासून सुरू होतो, वाटेचा नंबर डब्ल्यू ६, दगडांवर पिवळा-पांढरा-लाल पट्टा रंगवलेला असतो तो बघत जायचं. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला वाडी नखरची दरी, खोली सुमारे १००० मीटर. आपल्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघतो ना, तसाच कडा इथे दोन तास उजव्या हाताला सोबत चालतो. वाट मात्र बऱ्यापैकी सपाट आणि रुंद आहे, खरी चढाई जवळपास नाहीच. शेवटी अस साब नावाचं सोडून दिलेलं गाव येतं, पुढे आलेल्या कातळाच्या छपराखाली बांधलेली घरं, खाली दरीच्या तोंडाशी पायऱ्यापायऱ्यांची शेतं. त्या बांधांवर उभं राहिलं की कळतं, एवढ्याशा मातीसाठी आणि वरच्या झऱ्यासाठी माणसं पिढ्यान्पिढ्या इथे राहिली. मी तिथे तासभर बसून होतो, उठवेना. वडलांना उंची आवडत नसेल तर त्यांना या वाटेवर नेऊ नका, वरच्या रस्त्यावरून दरी दिसते तेवढं पुरे.

आता गणिताचं. सह्याद्रीत आपण टाक्याच्या, झऱ्याच्या भरवशावर निघतो, इथे तो भरवसा शून्य. माणशी निदान ३ लिटर, डिसेंबरात सुद्धा, कारण हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही आणि चार तासांनी डोकं धरतं. सावली नाही, झाड असलं तर ते शेळ्यांनी खाऊन ठेवलेलं. दगड पण वेगळा, आपला बेसाल्ट बुटाला पकड देतो, इथे चुनखडी आहे, वर डोंगरावर करवतीसारखी धारदार आणि खाली वाडीत पाण्याने घासून काचेसारखी गुळगुळीत. जुने झिजलेले बूट आणू नका. वर रात्री तापमान शून्याच्या आसपास जातं, तंबू टाकणार असाल तर चांगली स्लीपिंग बॅग लागेल.

डब्ल्यू ४ म्हणजे जबल शम्सच्या दक्षिण शिखराची वाट, जवळपास ३००० मीटर, तिकडे मोह झाला तरी या ट्रिपमध्ये नको. अख्खा दिवस जातो, आणि डिसेंबरात अंधार लवकर पडतो.

सूर_किनारा
वाडी शाबला जाणार असालच, मस्कतहून सूरच्या रस्त्यावर तिवीजवळ आहे. हायवेच्या पुलाखालून होडीने पलीकडे जायचं, मग पाऊण तास चाल, मग डोह. पुढे पोहतच जावं लागतं आणि शेवटच्या फटीतून फक्त डोकं जाईल एवढीच जागा असते, आत गुहेत धबधबा पडतो. तुम्ही जाऊन या, वडलांना पहिल्या डोहापर्यंत न्या. तिथपर्यंतची वाट खजुराच्या आणि केळीच्या बागांमधून, पाटाच्या कडेकडेने जाते, त्यांना तीच जास्त आवडेल. लाइफ जॅकेट बहिणीकडून घेऊन जा.

पण माझी मुख्य विनंती वेगळी आहे. पाऊस. हे डोंगर उघडेबोडके आहेत, माती नाही, झाडी नाही, पडलेलं पाणी मुरत नाही, सगळंच्या सगळं दरीत येतं. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि ३० किलोमीटर वर पडलेला पाऊस तासाभराने भिंतीसारखा येतो. २०२४च्या एप्रिलात असाच पूर आला आणि शाळेची मुलं वाहून गेली. मी तेव्हा इथेच होतो, तो आठवडा विसरता येत नाही. म्हणून वाडीत तंबू कधीच टाकायचा नाही. डोंगरावर काळं दिसलं की निघायचं, गाडी पाण्यातून घालायची नाही, समोरचा गेला तरी नाही. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या वाहत यायला लागल्या की सामान सोडून वर चढायचं. इमर्जन्सी नंबर ९९९९.

रानवाट_धुळे
तिघांचेही मनापासून आभार. बाल्कनी ट्रेक मी एकटा दाजींसोबत करतो, त्या दिवशी वडील आणि बहीण निझव्यात थांबतील. डब्ल्यू ४ काढून टाकला, बनी औफला स्थानिक ड्रायव्हर.

काल वडलांना हा धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि "पाटाच्या कडेने" इथे थांबवलं मला. पाऊसच नाही तिथे तर पाट कसला, पाणी येतं कुठून, आणि वाटून कोण देतं? आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, बंधाऱ्यातून पाट, पाटकरी पाणी सोडतो, पाळ्या ठरलेल्या. त्यांचं निम्मं आयुष्य त्या पाळ्यांवर गेलंय. कोणाला माहिती असेल तर सांगा, ते खरंच वाट बघतायत.

रुवीची_ताई
अहो मग बाबांना सांगा की ते ओळखीच्याच ठिकाणी येतायत!

त्या पाटाला इथे फलज म्हणतात. पाणी तीन तऱ्हेने येतं, काही फलज वाडीच्या वाहत्या पाण्यातून काढलेले, काही झऱ्यातून, आणि काही डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली भूजलापर्यंत बोगदा खणून, अगदी बारीक उतार ठेवून, किलोमीटरच्या किलोमीटर आणलेले. औरंगाबादला मलिक अंबरने नहर बांधली ना, त्याच जातीचं काम. पंप नाही, मोटर नाही. देशात असे सुमारे ३,००० अजून वाहतायत, त्यातले ५ युनेस्कोच्या यादीत आहेत, २००६ पासून. निझव्यातला फलज दारिस त्यातलाच, बिरकत अल मौझचा खतमैन पण. दोन्ही तुमच्या वाटेवरच आहेत.

गावात पाणी शिरलं की आधी पिण्याची जागा, मग मशिदीची वजूची (नमाजाआधी हातपाय धुण्याची), मग आंघोळीची, आणि त्यानंतर शेतं. वाटप वेळेवर, एक हिस्सा साधारण अर्ध्या तासाचा, त्याला अथर म्हणतात. हिस्से वारशाने येतात, विकताही येतात, काहींचा लिलाव होतो आणि तो पैसा पाटाच्या दुरुस्तीला जातो. कारभार बघणारा तो वकील (कोर्टातला नव्हे!), आणि प्रत्यक्ष पाणी फिरवणारा अरीफ. तुमचा पाटकरी म्हणजे हाच. मिस्फतला शेताच्या तोंडाशी दगड आणि फडकं लावून पाट बंद केलेला दिसेल, पाळी आली की काढायचं.

रानवाट_धुळे
ताई, वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, अर्धा तास मोजायचा कशाने? घड्याळ नव्हतं तेव्हा? आणि रात्रीच्या पाळीला? आमच्याकडे रात्रीच्या पाळीवरून भांडणं झालेली त्यांनी पाहिलीत.

रुवीची_ताई
दिवसा जमिनीत काठी रोवून तिच्या सावलीवरून, रेघा आखलेल्या असायच्या. आणि रात्री ताऱ्यांवरून, ठरलेला तारा समोरच्या डोंगराच्या किंवा भिंतीच्या कडेवर आला की पुढच्याची पाळी. आता बहुतेक ठिकाणी घड्याळच आहे, पण तारे ओळखणारी म्हातारी माणसं काही गावांत आहेत अजून. मिस्फतला मुक्कामाच्या घरमालकाला आधीच सांगून ठेवा की वडील शेतकरी आहेत आणि पाणी सोडताना बघायचंय. पहाटे लवकर उठायची तयारी ठेवा म्हणावं, आणि स्वेटर आणा.