बँकेच्या इकॉनॉमिक रिसर्च टीममध्ये जायचंय – मदत हवी आहे

एमए इकॉनॉमिक्स झालंय, मुंबईत एका खासगी बँकेच्या क्रेडिट विभागात 5 वर्षं आहे. मला महागाई आणि व्याजदरांचे अंदाज बांधणाऱ्या टीममध्ये जायचंय, मनापासून. वय 31, खुला प्रवर्ग. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी डीईपीआरचा (आर्थिक आणि धोरण संशोधन विभागातल्या अधिकारी भरतीचा) रस्ता बंद झाला. घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडून पीएचडी शक्य नाही आणि मुंबईबाहेरही जाता येणार नाही.

अंतर्गत बदलीसाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा एकच उत्तर: 'फोरकास्टिंगचा अनुभव नाही.' म्हणून आर ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकून सीपीआयसाठी (ग्राहक किंमत निर्देशांक, ज्यावरून महागाई मोजतात) अरिमा मॉडेल केलं, म्हणजे मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणारं. जुने आकडे घालून तपासलं तर जुलै 2023 ला ते सपशेल आपटलं. जूनची महागाई 4.87 टक्के होती, जुलैची थेट 7.44 वर गेली, टोमॅटोमुळे. मॉडेलला त्याचा वासही आला नाही! मग केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचे टोमॅटो-कांद्याचे रोजचे किरकोळ भाव त्यात घातले, तेव्हा चूक बरीच कमी झाली. माझ्या मते खरं काम इथेच आहे, समीकरणात नाही. आता दर महिन्याला आकडा जाहीर होण्याआधी दोन पानी टिपण लिहून तारखेसह ठेवतोय. अशी 7 झाली आहेत.

कोर्स सुचवू नका, ते बरेच झालेत. बँकेच्या रिसर्च किंवा ट्रेझरीत असलेल्यांनी कृपया सांगा: मुलाखतीत ही टिपणं चुकलेल्या अंदाजांसकट दाखवावीत का, आणि पीएचडी नसलेल्याला त्या जोरावर ॲनालिस्ट म्हणून खरंच घेतात का?