घडीची घोडी घेताना वरची खाच बघा

सुतारकामात शीट कापताना ती ज्या दोन स्टँडवर ठेवतात, त्या घोड्या. प्लास्टिकच्या घोड्या वजन पेलत नाहीत, लोखंडीच घ्या, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. 18 मिमीची आठ बाय चार फुटांची प्लायची शीट भरते साधारण 30-35 किलो, चांगल्या प्लास्टिकच्या जोडीला ते सहज झेपतं. फक्त खोक्यावरचा आकडा एका घोडीचा आहे की जोडीचा, ते वाचून घ्या. खरी अडचण कापताना येते. दोन घोड्यांच्या मधोमध काप घेतला की शेवटच्या वीतभरात शीट आत झुकते, काप मिटतो आणि सर्क्युलर सॉचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गोल करवतीचं, पातं त्यात आवळलं जातं. माझी मशीन एकदा अशीच झटक्यात अंगावर आली होती. हात वाचला, पण तो हिसका अजून आठवतो.

तेव्हापासून घोड्यांवर आधी दोन बाय तीन इंचाच्या चार लांब लाकडी पट्ट्या टाकतो, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि त्यांवर शीट. पातं शीटच्या खाली जेमतेम 3-4 मिमी उतरेल एवढंच ठेवतो. आडव्या कापात पट्ट्यांवर चरे पडतात, पडू देत, त्या बदलता येतात. म्हणून घोडीच्या डोक्यावर पट्टी बसायला खाच हवीच. आणि गच्चीवर काम करणार असाल तर पाय कमी-जास्त करता येणारीच घ्या. पाण्यासाठी दिलेल्या उतारावर साधी घोडी डुगडुगते, मग दर वेळी पाचरी शोधत बसावं लागतं.