मदत हवी आहे: एकच प्रथिन, तीन रूपं. ठरवतं कोण?

नमस्कार मंडळी. नौपाड्यात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. इबोला विषाणूकडे जनुकं जेमतेम ७, म्हणून एकेका प्रथिनाला दोन-तीन नोकऱ्या! त्याचं व्हीपी ४० हे प्रथिन जोडीने (दोन रेणू मिळून) असलं की पेशीच्या पटलाकडे जातं, तिथे एकमेकांना जोडून नव्या विषाणूला आतून अस्तर लावतं, आणि आठांचं कडं करून आरएनए (जनुकांची माहिती वाहणारा रेणू) धरलं की जनुकांच्या नकला काढण्यावर लगाम ठेवतं. अमिनो आम्लांचा क्रम मात्र तोच.

अस्तरासाठी पटलातले मेद कारणीभूत, हे पटतं. पण कडं कशामुळे होतं, निव्वळ आरएनए भेटला म्हणून? खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात किंवा इतरत्र प्रथिनांच्या रचनेवर काम करणारं कुणी आहे का इथे? रविवारी वर्गावर आलात तर फारच छान. वडापाव आमच्याकडून.