मदत हवी आहे : मशीनला बुकलेट बांधता येतं, सॉफ्टवेअरला ते माहीतच नाही

कागदकोंडी
डिजिटल प्रेसला नवं एमआयएस (छापखान्याची कामं सांभाळणारं सॉफ्टवेअर) जोडलंय. जॉब जातो, पण फिनिशिंगच्या यादीत फक्त एकतर्फी आणि दुतर्फी. सॅडल स्टिच (घडीवर पिन मारणं), फोल्डिंग, ट्रिमिंग काही म्हणजे काही दिसत नाही. मशीनच्या पॅनेलवरून हेच सगळं झकास होतं. शिवाय पाठवलेला प्रत्येक जॉब होल्डला पडतो, ऑपरेटर हाताने कागद निवडतो, मग सोडतो. एवढंच करायचं होतं तर ऑटोमेशन कशाला? दोन्हीकडचे सपोर्टवाले "आमचं जेडीएफ चालतं, त्यांना विचारा" म्हणून मोकळे. (जेडीएफ म्हणजे जॉबची माहिती नेणारी एक्सएमएल फाइल.) कृपया लवकर सांगा, कामं तुंबलीत.

पानमोड्या
जॉब जातो म्हणजे कसा जातो? हॉट फोल्डरमधून की जेएमएफने (जेडीएफसोबतचे, दोन्हीकडून ये-जा करणारे संदेश)? जेडीएफची आवृत्ती कोणती? होल्डला पडल्यावर लॉगमध्ये काय येतं? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

निळाई
ड्रायव्हर काढून परत टाका आणि मशीन रिस्टार्ट करा. माझं तसंच झालं होतं.

पानमोड्या
@निळाई, इथे ड्रायव्हर मधे येतच नाही हो. एमआयएस थेट प्रेसच्या सर्व्हरशी बोलतंय.

हॉटफोल्डरवाला
जेएमएफच्या नादी लागू नका. प्रत्येक कामासाठी एक हॉट फोल्डर करा: एक सॅडल स्टिचचा, एक साध्या पिनचा, एक नुसत्या दुतर्फीचा. फाइल टाकली की छपाई सुरू. आमच्याकडे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय.

रिपवान
बिनबोभाट, कारण फोल्डर बोलतच नाही! तो एकतर्फी कारभार. मशीनला काय येतं, आत्ता काय अडलंय, यातलं काही परत येत नाही. शिवाय दहा कागद आणि सहा फिनिशिंग धरले की साठ फोल्डर. ते सांभाळायला वेगळा माणूस ठेवा.

हॉटफोल्डरवाला
साठ लागतातच कोणाला? आणि तुमचं बोलकं जेएमएफ बंद पडलं की सगळे शेवटी फोल्डरकडेच येतात.

कागदकोंडी
जेएमएफच आहे, जेडीएफ १.४. कंपन्यांची नावं लिहीत नाही. एमआयएस 'नोन-डिव्हाइसेस' (कोणती यंत्रं जोडलीत) विचारतं, उत्तरात मॉडेल, सिरियल नंबर आणि स्टेटस येतं. लॉग उद्या बघतो.

जुनी प्लेट
पूर्वी बरं होतं. १९९५ च्या सुमाराला सीआयपी३ (छपाईच्या यंत्रांना जोडणारी मानकं ठरवणारा गट) आलं, त्याची पीपीएफ फाइल प्रीप्रेसमधून निघायची आणि ऑफसेटच्या इंक की (शाई कमीजास्त करणाऱ्या कळा) त्यावरून आपोआप बसायच्या. पुढे २००० मध्ये सीआयपी४ झालं, जेडीएफ आलं, आणि हजार पानांचं स्पेसिफिकेशन अंगावर पडलं.

रिपवान
काका, पण त्या पीपीएफला प्रेसकडून उत्तर कुठे मिळायचं? इथे सगळा घोळ उत्तराचाच आहे.
@कागदकोंडी, मॉडेल आणि सिरियल एवढंच येतंय म्हणजे तुमचं एमआयएस प्रश्नच अर्धा विचारतंय. त्या क्वेरीत डिव्हाइस-डिटेल्स नावाचं अॅट्रिब्यूट असतं. ते 'ब्रीफ' किंवा 'डिटेल्स' असेल तर मशीन आपल्याला काय काय येतं ते सांगत नाही. 'कॅपॅबिलिटी' करा आणि मग उत्तर बघा. 'जेडीएफ चालतं' याला तसा अर्थ नाही. कोणता आयसीएस (दोन यंत्रणांनी जेडीएफचा कोणता भाग पाळायचा ते ठरवणारा दस्तऐवज), कोणती लेव्हल, आणि कॅपॅबिलिटीचं उत्तर मिळतं का, हे खरेदीआधी लेखी घ्यायचं असतं.

एक्सभक्त
जेडीएफ १.४ म्हणजे जुनाट. २०१८ पासून एक्सजेडीएफ २.० आहे, कितीतरी सुटसुटीत. त्यावर जा.

पानमोड्या
प्रेसच्या सर्व्हरला एक्सजेडीएफ कळत नसेल तर एकट्या एमआयएसने जाऊन काय करायचं? २.० हे १.x शी थेट जुळत नाही. मधे भाषांतर करणारं काहीतरी बसवावं लागतं.

पोर्ट६३१
माझा नेहमीचा मार्ग सांगतो. आयपीपीने (नेटवर्कवरून प्रिंटरशी बोलायचा प्रोटोकॉल) गेट-प्रिंटर-अॅट्रिब्यूट्स करा, म्हणजे प्रिंटरला काय येतं ते विचारा. फिनिशिंग्ज-सपोर्टेडमध्ये ८ आला तर सॅडल स्टिच, ४ म्हणजे पिन. आठ दिसला नाही तर सर्व्हरलाच फिनिशर ठाऊक नाही, एमआयएसला दोष देऊ नका. शिवाय मीडिया-सपोर्टेड आणि मीडिया-रेडी वेगळे असतात: एक झेपणारा कागद, दुसरा आत्ता ट्रेमध्ये असलेला. होल्डचं मूळ बहुतेक तिथेच.

रिपवान
प्रॉडक्शनला आयपीपी पुरतं असं मी म्हणणार नाही, पण तपासायला उत्तम. हे आधी करा.

घडीमोड
बुकलेट करताय तर कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) बघा. घडी ग्रेनच्या आडवी पडली तर जाड कागदाला कण्यावर तडे जातात.

पानमोड्या
अवांतर! आधी पिन तर पडू दे.

कागदकोंडी
अपडेट. आयपीपीत ८ आला. कॅपॅबिलिटी केल्यावर उत्तर एकदम लांबलचक झालं, आणि यादीत सॅडल स्टिच व फोल्डिंग दिसायला लागलं. ट्रिमिंग अजून नाही.
होल्डच्या लॉगमध्ये लिहिलंय : मागितलेला कागद ११३ × १५९ मिमी, असा कागद उपलब्ध नाही. आम्ही एसआरए३ (३२० × ४५० मिमी) पाठवतोय! एवढासा कागद आला कुठून?

रिपवान
एक्सएमएल उघडा आणि मीडियाच्या डायमेन्शनमध्ये काय आहे ते बघा. "३२० ४५०" असेल, पैज लावतो. जेडीएफमध्ये मापं पॉइंटमध्ये, ७२ पॉइंटचा एक इंच. ३२० पॉइंट म्हणजे ११३ मिमी. एमआयएस मिलिमीटर तसेच ढकलतंय. एसआरए३ ला "९०७.०९ १२७५.५९" जायला हवं.

पोर्ट६३१
आणि आयपीपीत हाच आकडा ३२००० लिहितात, मिलिमीटरचा शंभरावा भाग. एकाच कागदाची तीन मापं, कोणाला म्हणून बोलायचं.

कागदकोंडी
अगदी "३२० ४५०" च आहे. एमआयएसवाल्यांना लॉगसकट पाठवलं, आता त्यांना हात वर करता येणार नाहीत. ट्रिमिंगचं काय?

पानमोड्या
सर्व्हरच्या सेटअपमध्ये बसवलेल्या युनिटांची यादी असते. ट्रिमरवर टिक आहे का बघा. फिनिशर आणि ट्रिमर वेगवेगळ्या वेळी बसवले असतील तर हे हमखास राहतं. टिक नसेल तर सर्व्हर कॅपॅबिलिटीत ट्रिमर सांगणारच नाही.

कागदकोंडी
दोन्ही वेगवेगळ्या वेळीच बसवलेत. बघतो.

निळाई
माझा लेबल प्रिंटर दोन लेबलं सोडून तिसऱ्यावर छापतो. त्यालाही कॅपॅबिलिटी करावं लागेल का?

पानमोड्या
नाही हो. बहुधा गॅप सेन्सर (लेबलांमधली फट ओळखणारा). नवा धागा काढा, आणि मॉडेल आधीच लिहा.