मदत हवी आहे: पाव आणि भाजलेल्या भाज्यांचं इटालियन सॅलड, पण लगदा नको

मंडळी, पान्झानेला कुणी करतं का? इटलीतल्या टस्कनीचं शिळ्या पावाचं सॅलड. मुळात टोमॅटो, कांदा, काकडी, बेसिल, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. मला त्यात निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची घालायची आहे. मे महिन्यात नणंदेकडचे वेंगुर्ल्याला येतायत, दहा-बारा पानं होतील. बाकीचे मासे खातील, पण दोघे शाकाहारी आहेत आणि त्यांना दरवेळी बटाट्याची भाजी वाढायचा मला कंटाळा आलाय.

अडचण पावाची. कृतींत सरसकट 'दोन दिवसांचा शिळा ब्रेड घ्या' असतं. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पाव वाळतो कुठे? आधी सादळतो, मग चिवट होतो, मग थेट बुरशी. लादी पाव तर टोमॅटोचं पाणी लागलं की गिच्च. बेकरीत उंडे (कडक कवचाचे गोल पाव) मिळतात, ते चालतील? ओव्हन नाही, गॅस, बिडाचा तवा आणि परसात चूल आहे. झुकिनी मिळत नाही, कोवळा दोडका घालू का? आणि व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ? (सासूबाईंच्या मते तो दोघांचाही अपमान.)

'त्यापेक्षा शेवपुरी करा' छापाचे सल्ले नकोत, प्लीज.

प्रतिसाद:
ताई, उंडेच घ्या. टस्कनीतला पाव बिनमिठाचा, घट्ट आणि जाड कवचाचा, म्हणून तिकडे तो भिजवून पिळला तरी निभावतो. लादी पाव मऊ राहावा म्हणूनच केलेला असतो. शिळा व्हायची वाट बघूच नका. उंडे हाताने तोडून तव्यावर अगदी मंद आचेवर, परतत परतत, आतपर्यंत कोरडे करा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने परत सादळतील.

भिजवायची पायरी सोडून द्या. टोमॅटो चिरून, मीठ लावून चाळणीत ठेवा. खाली गळलेल्या पाण्यात तेल, व्हिनेगर आणि ठेचलेला लसूण फेटून तेच पावावर घाला, वाढण्याआधी वीसेक मिनिटं.

दोडका नको, फार पाणी सोडतो. वांग्याच्या जाड चकत्यांना तेल लावा आणि ज्वाळ बसल्यावर जाळीवर ठेवा. करवंट्यांचे निखारे झकास. मिरची साल काळी होईपर्यंत भाजून झाकून ठेवा, साल सुटते. धुऊ मात्र नका, धुराचा वास जातो.

दुसरा प्रतिसाद:
आगळ खारट असतं, त्यामुळे घातलंत तर टोमॅटोचं मीठ कमी करा. पाव जांभळट होईल तो वेगळाच. मी माडाच्या ताडीचं गोव्याकडचं व्हिनेगर घालेन. बेसिल नसेल तर सब्जाची पानं, जात तीच. कृष्णतुळस नको, काढा लागतो. आणि घोळ (मासा नव्हे, पालेभाजी) मिळाली तर कोवळे शेंडे जरूर घाला. टोमॅटो तिकडे रुळण्याआधी, सोळाव्या शतकात, हे सॅलड कांदा, काकडी आणि घोळीचंच होतं.

धागाकर्ती:
घोळ विहिरीकडे माजलीये, उपटून टाकत होते! एकच राहिलं: वांगी सकाळी भाजून ठेवली तर चालतील का? दुपारी चूल माशांच्या कालवणाला लागणार.

पहिला प्रतिसाद देणारी:
दोन तास झाकून चालतील. त्याहून जास्त वेळ असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. गरम असतानाच तेल-व्हिनेगर चोळा, चांगलं मुरतं. लसूण आयत्या वेळी.